नावड सांगण्याची रीत

मुलांनो, आवडीचा पदार्थ ताटात पडला म्हणजे तो आवडला हे सांगण्यास शब्द शोधावे लागत नाहीत. चेहराच ते काम करतो. परंतु न आवडणारा पदार्थ ताटात आला, आणि तो वाढणारी व्यक्ती मोठ्या मायेने आपल्याकडे पाहत उभी असली, म्हणजे आपल्या जिभेची खरी परीक्षा होते. खोटे बोलावे, तर आपले मन आपल्याला खाते; खरे बोलावे, तर समोरच्याचे मन दुखावते. मातृभाषेत या अडचणीतून वाट कशी काढावी, हे आपण घरात वावरताना नकळत शिकलेलो असतो. पण परक्या भाषेत हाच प्रसंग ओढवला तर?

अशी कल्पना करा, की शांघाय शहरातील बारा वर्षांचा एक मुलगा सुट्टीत इंग्लंडमधील एका कुटुंबाकडे पाहुणा म्हणून राहिला आहे. रात्रीचे जेवण आटोपत आले आहे. घरच्या बाईंनी त्याच्यापुढे चीजचा एक तुकडा ठेवला. त्या चीजमध्ये निळसर शिरा होत्या आणि त्याचा वास उग्र होता. चीनमधील बहुसंख्य घरांत चीज हा रोजच्या जेवणातला पदार्थ नव्हे. मुलाने एक घास घेतला आणि कसाबसा गिळला. बाईंनी हसत विचारले, “कसे आहे?” मुलगा प्रामाणिक होता. तो उत्तरला, “आय व्हेरी हेट इट.”

टेबलाभोवती एकदम शांतता पसरली. बाईंचे हसू मावळले. मुलगा गोंधळला. आपण खरे बोललो, शब्दही शब्दकोशात पाहिलेला. मग चूक झाली तरी कोठे?

चुका दोन होत्या. पहिली व्याकरणाची आणि दुसरी मापाची. पहिली चूक लहान आहे, म्हणून तिच्यापासून आरंभ करू.

चीनच्या प्रमाण भाषेत ‘हन्’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘फार’. ‘वो’ म्हणजे मी, ‘शीह्वान’ म्हणजे आवडणे आणि ‘थाओयेन्’ म्हणजे नावडणे. ‘वो हन् शीह्वान’ म्हटले, की मला फार आवडते. ‘वो हन् थाओयेन्’ म्हटले, की मला फार नावडते. ‘हन्’ हा शब्द भावना दाखविणाऱ्या क्रियापदाच्या अगदी पुढे येऊन बसतो. आपल्या ‘फार’ची रीतही अशीच आहे. आपण ‘फार मोठा’ म्हणतो, तसेच ‘फार आवडते’ असेही म्हणतो. इंग्रजीतील ‘व्हेरी’ मात्र इतका मोकळा नाही. ‘व्हेरी हॉट’ म्हणजे फार गरम, ‘व्हेरी स्लोली’ म्हणजे फार सावकाश, हे चालते. म्हणजे विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यापुढे तो बसतो. क्रियापदापुढे एकटा ‘व्हेरी’ बसत नाही. तेथे ‘व्हेरी मच’ अशी जोडी करून ती वाक्याच्या शेवटी ठेवावी लागते, किंवा क्रियापदापूर्वी ‘रिअली’ हा शब्द घालावा लागतो. ‘आय डिस्लाइक इट व्हेरी मच’ किंवा ‘आय रिअली डिस्लाइक इट’ ही वाक्ये शुद्ध होत. ‘आय व्हेरी लाइक मँगो’ असे तुमच्यापैकी कोणी कधी लिहिले असेल, तर त्याने त्या चिनी मुलाला हसू नये. दोघांच्याही मातृभाषांनी दोघांना एकाच खड्ड्यात नेले आहे!

एका बाबतीत मात्र त्या मुलाची वाट आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण ‘मला आंबा आवडतो’, ‘मला चिंच आवडते’ असे म्हणतो. येथे क्रियापद आंब्याप्रमाणे आणि चिंचेप्रमाणे बदलते. ‘मला’ बिचारा बाजूला उभा असतो. चिनी भाषेत आणि इंग्रजीत आवडनिवड करणारा ‘मी’ हाच वाक्याचा धनी असतो. त्यामुळे ‘आय’ने वाक्याला आरंभ करणे त्या मुलाला अवघड वाटत नाही.

‘हन्’ या शब्दाची आणखी एक गंमत ऐका. चिनी भाषेत अक्षरे तीच असली तरी सूर बदलला की अर्थ बदलतो. आवाज खाली उतरवून मग किंचित वर नेला, तर ‘हन्’ म्हणजे ‘फार’. तोच आवाज उंचावरून झपकन खाली पाडला, तर ‘हन्’ म्हणजे ‘द्वेष करणे’! लिहिताना या दोन शब्दांची चिन्हे वेगवेगळी असतात, आणि द्वेषाच्या चिन्हात डाव्या बाजूला हृदयाची खूण असते. परंतु बोलताना केवळ सुराचाच आधार. चिनी शिकणाऱ्या परकीयाला म्हणूनच आपला सूर जपावा लागतो.

आता दुसऱ्या, अधिक मोठ्या चुकीकडे वळू. ती म्हणजे शब्दाचे माप चुकणे.

‘थाओयेन्’ हा शब्द चिनी घरांत दिवसातून अनेकदा ऐकू येतो. पावसाने खेळ बुडाला, तर पाऊस ‘थाओयेन्’. डास चावला, तर डास ‘थाओयेन्’. मैत्रिणीने थट्टा केली, तर दुसरी मैत्रीण लाजत, हसत तिला ‘थाओयेन्’ म्हणते. त्या वेळी त्याचा अर्थ ‘चल, चहाटळ कुठली!’ एवढाच असतो. आणि मनापासून तिटकारा असला, तरीही हाच शब्द चालतो. म्हणजे हा शब्द एखाद्या सैल अंगरख्यासारखा आहे. लहान-मोठ्या सर्वांच्या अंगात तो येतो. आता शब्दकोश उघडला, तर या एका शब्दासमोर इंग्रजीचे चार-पाच शब्द ओळीने उभे असतात. ते सारखेच आहेत असे समजून शिकणारा त्यांतला एक उचलतो. त्या मुलाने ‘हेट’ उचलला आणि तो नेमका जड निघाला.

एका शब्दाच्या मापावरून केवढा वाद होऊ शकतो, हे इतिहासाने दाखविले आहे. जुन्या चिनी लिखाणात परक्या लोकांसाठी ‘यी’ असा शब्द वापरीत. त्याचा अर्थ केवळ ‘बाहेरचे लोक’ असा होतो, असे चिनी अधिकारी सांगत. इंग्रजांनी मात्र त्याचे भाषांतर ‘रानटी’ असे केले आणि तो आपला अपमान मानला. १८५८ साली थ्येन्‌चिन येथे या दोन देशांत तह झाला, तेव्हा सरकारी कागदपत्रांत इंग्रजांविषयी हा शब्द वापरू नये, असे एक कलमच त्यात घालण्यात आले! तहाचा इंग्रजी मजकूर हाच प्रमाण मानावा, असेही त्यात ठरले. साहजिकच इंग्रजी जाणणाऱ्या माणसांची चीनला निकड भासू लागली. १८६२ साली बीजिंग येथे ‘थोंगवेन्-ग्वान’ ही परभाषा शिकविणारी सरकारी शाळा निघाली आणि तेथे पहिला वर्ग इंग्रजीचा सुरू झाला.

पुढे या कामाला अनेक विद्वानांचे हात लागले. लिन यूथांग (१८९५–१९७६) हे त्यांतील एक मोठे नाव. फूच्येन प्रांतात जन्मलेल्या या लेखकाने चिनी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने लेखन केले. १९२८ साली त्यांनी चिनी मुलांसाठी इंग्रजीची क्रमिक पुस्तके लिहिली. त्यांतील चित्रे फंग झखाय या नामवंत चित्रकाराने काढली होती. १९७२ साली हाँगकाँगहून त्यांचा चिनी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. शब्दाचा आजचा वापर दाखविणे हा त्या कोशाचा हेतू त्याच्या नावातच सांगितलेला आहे. शब्दाचा अर्थ ठाऊक असणे निराळे आणि तो कोठे शोभतो हे ठाऊक असणे निराळे. पुढे २००१ साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण जाहीर केले. म्हणजे आपल्या गोष्टीतील मुलासारखी असंख्य मुले आज हाच जिना चढत आहेत.

जिना हा शब्द मुद्दामच वापरला. इंग्रजीत नावड सांगणाऱ्या शब्दांचा खरोखरच एक जिना आहे. सर्वांत खालच्या पायरीवर ‘आय अ‍ॅम नॉट व्हेरी फाँड ऑफ इट’ हे वाक्य आहे. म्हणजे ‘मला त्याची विशेष आवड नाही’. त्यावरची पायरी ‘आय डोंट लाइक इट’, म्हणजे ‘मला ते आवडत नाही’. रोजच्या बोलण्यात हेच वाक्य अधिक येते. ‘डिस्लाइक’ हा शब्द थोडा पुस्तकी आहे. तो विचारपूर्वक सांगितलेली नावड दाखवितो. त्यावर ‘आय कांट स्टँड इट’, म्हणजे ‘मला ते सोसवत नाही’. मग येतो ‘हेट’. आणि अगदी वरच्या पायऱ्यांवर ‘डिटेस्ट’ आणि ‘लोद’ हे शब्द बसलेले आहेत. ‘डिटेस्ट’ हा शब्द मूळचा लॅटिन भाषेतील. देवाला साक्षी ठेवून शाप देणे, असा त्याचा जुना अर्थ होता. चीजच्या एका तुकड्यासाठी कोणी देवाला साक्षीला बोलावीत नाही! ‘लोद’ या शब्दात मनातील तिटकाऱ्याबरोबर किळसही असते.

‘हेट’च्या पायरीवर मात्र क्षणभर थांबले पाहिजे, कारण ती फसवी आहे. इंग्रज मुलेही ‘आय हेट मंडेज’, म्हणजे ‘मला सोमवार अगदी नको वाटतो’ असे सहज म्हणतात. सोमवारला मन नसते. तो दुखावत नाही. आपल्या घरात, आपल्या भावंडांत असे बोलणे खपते. परंतु ज्याने तो पदार्थ आपल्यासाठी केला किंवा आणला त्याच्यासमोर तोच शब्द बोलला, तर तो पदार्थाला न लागता त्या माणसाला लागतो. आणि माणसालाच उद्देशून तो वापरला, तर मग त्याच्याइतका कठोर शब्द क्वचितच सापडेल. मैत्रिणीला थट्टेने ‘थाओयेन्’ म्हणणाऱ्या चिनी मुलीने तेच इंग्रजीत शब्दशः केले, तर थट्टेचे भांडण होण्यास कितीसा वेळ लागणार?

‘कांट स्टँड’ या शब्दांपाशी चिनी विद्यार्थी प्रथम अडखळतो. ‘स्टँड’ म्हणजे उभे राहणे, हे त्याने पाठ केलेले असते. मग ‘मी त्या आवाजाला उभा राहू शकत नाही’ म्हणजे काय? परंतु ‘स्टँड’चा ‘सोसणे, तग धरणे’ असाही अर्थ आहे, हे कळले की त्याला आपल्याच भाषेतील ‘शोउ-बू-ल्याओ’ हा शब्द आठवतो. त्याचाही अर्थ ‘सोसवत नाही’ असाच आहे. मात्र या ठिकाणी व्याकरणाचा एक नियम ध्यानात ठेवावा लागतो. ‘डिस्लाइक’, ‘डिटेस्ट’ आणि ‘कांट स्टँड’ यांच्यामागून दुसरे क्रियापद आले, तर त्याला ‘इंग’ हे शेपूट लावावे लागते. ‘आय डिस्लाइक वेटिंग’, म्हणजे ‘मला वाट पाहणे आवडत नाही’. ‘हेट’ मात्र उदार आहे. त्याला ‘वेटिंग’ आणि ‘टु वेट’ ही दोन्ही रूपे चालतात. चिनी क्रियापद आपले रूप असे कधीच बदलत नाही, म्हणून या शेपटाचा त्या मुलांना वारंवार विसर पडतो.

भाषा वेगळ्या असल्या, तरी माणसाचे मन आणि पोट सगळीकडे सारखेच असते. ‘थाओयेन्’ मधील ‘येन्’ या शब्दाचा फार जुना अर्थ ‘पोट भरणे, तृप्त होणे’ असा होता. तृप्तीच्या पलीकडे गेले, की त्याच अन्नाचा कंटाळा येतो. म्हणून पुढे त्याचा अर्थ ‘कंटाळणे, नकोसे होणे’ असा झाला. इंग्रजीत एखाद्या गोष्टीला फार कंटाळलो म्हणजे ‘फेड अप’ झालो असे म्हणतात. त्यातही गळ्यापर्यंत खाऊ घातल्याचीच कल्पना आहे. आणि आपण? चार दिवस लागोपाठ लाडू खाल्ले, म्हणजे आपल्याला गोडाचा वीट येतो; आणि मग तोच ‘वीट’ आपण रोजच्या कटकटीलाही लावतो. तीन दूरदूरच्या भाषांनी एकच अनुभव एकाच दाखल्याने सांगितला, हे नवल नव्हे काय?

आता मुख्य प्रश्न. खरे तर सांगावयाचे, पण मन दुखवावयाचे नाही, हे कसे साधावे? चिनी लोकांना ही कला येत नाही, असे मुळीच नाही. तो मुलगा आपल्या आजीसमोर बसला असता, तर त्याने ‘बू थाय शीह्वान’ म्हटले असते. म्हणजे ‘तितकेसे आवडत नाही’. सौजन्य त्याच्याजवळ होते. फक्त भाषेची सीमा ओलांडताना ते मागे राहिले. इंग्रजीतही अशा मऊ वाटा आहेत. ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ या शब्दांनी आरंभ करावा. येथे भीतीचा संबंध नसून ‘सांगताना मला वाईट वाटते’ एवढाच भाव असतो. नकार वाक्याच्या पुढल्या भागात ठेवावा. ‘मला वाटते, हे चांगले नाही’ ही चिनी वाक्याची घडण आहे. इंग्रज माणूस ‘हे चांगले आहे असे मला वाटत नाही’ या घडणीचे वाक्य अधिक पसंत करतो.

आणखी एक सुंदर वाक्प्रचार आहे. ‘इट इज नॉट माय कप ऑफ टी’, म्हणजे ‘हा काही माझा चहाचा पेला नव्हे’. एखादा पदार्थ, खेळ किंवा पुस्तक आपल्या रुचीचे नाही, एवढेच तो सांगतो. दोष पदार्थाचा नसून आवडीचा आहे, असे त्यात सुचते. चिनी मुलाला तर हा वाक्प्रचार जवळचा वाटावा, कारण चहा त्याच्याच देशातून जगभर गेला आणि जाताना आपले नावही घेऊन गेला. फूच्येनच्या किनाऱ्यावरील बोलीत त्याला ‘ते’ म्हणत. त्यापासून इंग्रजीचा ‘टी’ झाला. इतर पुष्कळ भागांत त्याला ‘छा’ म्हणत. आपल्या ‘चहा’चे मूळ तेथे आहे.

परंतु मऊ बोलण्यालाही मर्यादा आहे. वर्गातील दुबळ्या मुलाला कोणी छळत असेल, मुक्या जनावराला कोणी मारीत असेल, तर ‘हा माझा चहाचा पेला नव्हे’ असे म्हणून भागणार नाही. तेथे सौम्य शब्द म्हणजे भित्रेपणा होय. ‘आय डिटेस्ट क्रुएल्टी’, म्हणजे ‘क्रूरपणाचा मला मनस्वी तिटकारा आहे’, असे ठणकावून सांगण्यासाठीच वरच्या पायऱ्यांचे शब्द राखून ठेवावयाचे असतात. जो ते शब्द चीजवर आणि सोमवारवर उधळून टाकतो, त्याच्याजवळ अन्यायाच्या वेळी वापरण्यास वजनदार शब्द उरत नाही. त्या वेळीही राग कृत्यावर असावा, माणसावर नसावा. माणूसच एकदा नावडता झाला, की त्याचे चांगलेही वाईट दिसू लागते. नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण तुम्हांला ठाऊकच आहे.

आता आपण त्या टेबलाकडे परत जाऊ. चूक उमगल्यावर आपला मुलगा काय म्हणेल? तो म्हणेल, “मला क्षमा करा, मी चुकीचा शब्द वापरला. आय अ‍ॅम अफ्रेड आय अ‍ॅम नॉट व्हेरी फाँड ऑफ चीज. पण तुमचा पाव मला फार आवडला.” यात खोटे काही नाही, आणि कोणाचे मन दुखावेल असेही काही नाही. बाईंच्या चेहऱ्यावर हसू परत येईल. पुढे कधी त्या शांघायला गेल्या आणि मुलाच्या आजीने त्यांच्यापुढे ‘छोउ-दोउफू’ ठेवले, तर पाळी बाईंची असेल! ‘छोउ-दोउफू’ म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पनीरासारखा एक पदार्थ. त्याच्या उग्र वासावरूनच त्याला ‘वासट’ असे नाव पडले आहे, आणि तरीही तेथील लोक तो आवडीने खातात. त्या वेळी बाईंनी सूर सांभाळून ‘बू थाय शीह्वान’ एवढेच म्हणावे, आणि आजीच्या चहाची मनापासून तारीफ करावी.

आणि तुम्ही? उद्या ताटात कारल्याची भाजी आली आणि तोंडातून ‘शी!’ निघू लागले, तर क्षणभर थांबा. भाजी कोणी निवडली, कोणी चिरली, चुलीपाशी कोण उभे राहिले, ते आठवा. मग खरे तेच सांगा. पण शब्द मापून सांगा.

स्वाध्याय

१. इंग्लंडमधील त्या घरात मुलाच्या बोलण्यात कोणत्या दोन चुका झाल्या? त्यांतील कोणती चूक अधिक गंभीर, आणि का?

२. ‘थाओयेन्’ या शब्दाला सैल अंगरख्याची उपमा का दिली आहे?

३. १८५८ सालच्या तहात एका शब्दाविषयी कलम का घालावे लागले?

४. ‘येन्’, ‘फेड अप’ आणि ‘वीट येणे’ यांत कोणते साम्य आहे ते तुमच्या शब्दांत लिहा.

५. नकोसे वाटणे, किळस येणे, न आवडणे, तिटकारा येणे, विशेष आवड नसणे – हे शब्दप्रयोग सौम्यापासून तीव्रापर्यंत क्रमाने लावा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

६. पुढील प्रसंगी तुम्ही काय बोलाल ते लिहा : (अ) मित्राने भेट दिलेले पुस्तक तुम्हांला आवडले नाही. (आ) एक मोठा मुलगा लहान मुलाचा डबा हिसकावून घेत आहे.

७. ‘सौम्य शब्द म्हणजे भित्रेपणा होय’ हे वाक्य कोणत्या प्रसंगी खरे आणि कोणत्या प्रसंगी खरे नव्हे, याविषयी वर्गात चर्चा करा.